वाचक विचारतात : कोरियन मालिका कान देऊन पाहताना

गेल्या काही महिन्यांत कोरियन मालिका, चित्रपट आणि गाणी यांविषयी आलेल्या पत्रांचा गठ्ठा एवढा वाढला, की या अंकातील सदर त्यांच्यासाठीच राखून ठेवावे लागले. मी पुण्यात कोरियन भाषा शिकले आणि आता शिकवते, त्यामुळे उत्तरांत भाषेचा विषय पुन्हा पुन्हा येईल. तो मी मुद्दाम आणला आहे, कारण कोरियन कथेचा अर्धा अर्थ माणसे एकमेकांशी कोणत्या शब्दांत बोलतात यात असतो आणि भाषांतरात नेमका तोच सांडतो, असे माझे ठाम मत आहे.

मी 61 वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. टाळेबंदीत सुनेबरोबर एक कोरियन मालिका पाहिली आणि तेव्हापासून मला त्यांची गोडी लागली. भाषा कळत नसतानाही ती माणसे आपल्या घरातली वाटतात, याचे कारण काय असावे? पडद्याखाली येणाऱ्या इंग्रजी ओळी भराभर वाचता येत नाहीत, म्हणून मी हिंदीतून पाहते. सून म्हणते की तसे पाहणे खरे नव्हे. — एक वाचक, सांगली

आपल्याला ती माणसे घरातली वाटतात, कारण त्यांच्या वागण्याचे व्याकरण आपल्या ओळखीचे आहे. कोरियन मालिकेत कार्यालयातील दोन सहकारी रस्त्याकडेच्या तंबूवजा खानावळीत बसलेले असतात, असा प्रसंग आपण अनेकदा पाहिला असेल. ज्येष्ठाने पेला भरला, की कनिष्ठ तो दोन्ही हातांनी धरतो आणि पिताना मान एका बाजूला वळवतो. मोठ्या माणसाला एखादी वस्तू देताना उजव्या हाताला डाव्या हाताचा आधार दिला जातो. तीर्थ घेताना उजव्या तळहाताखाली डावा तळहात धरणाऱ्या आपल्यासारख्यांना ही अदब समजावून सांगावी लागत नाही.

भाषेतही तसेच आहे. मराठीत ‘राजू आला’ आणि ‘बाबा आले’ या दोन वाक्यांतला मान क्रियापदातच असतो. कोरियनमध्ये ‘कायो’ म्हणजे ‘जातो’ किंवा ‘जाते’, आणि जाणारी व्यक्ती आदरणीय असेल तर मध्ये एक अक्षर येऊन ‘कासेयो’ होते. याखेरीज ऐकणारा कोण आहे त्यानुसारही वाक्याचा शेवट बदलतो. अरे-तुरेच्या भाषेला तिथे ‘पानमाल’ म्हणतात, ज्याचा शब्दशः अर्थ ‘अर्धे बोलणे’ असा आहे. दोन माणसांची जवळीक वाढली, की त्यांपैकी मोठे माणूस ‘माल’ म्हणजे बोलणे ‘खाली ठेव’ असे सुचवते. आपण ‘आता अहो-जाहो पुरे’ म्हणतो तसेच. प्रेमकथेत हा क्षण कित्येकदा हात हातात घेण्यापेक्षाही मोठा असतो. इंग्रजी ओळीत मात्र तिथे मैत्रीविषयीचे एखादे गुळमुळीत वाक्य येते, कारण इंग्रजीपाशी ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांसाठी एकच शब्द आहे.

म्हणूनच हिंदीतून पाहण्यात कमीपणा मानू नये. हिंदीपाशी ‘तू’, ‘तुम’ आणि ‘आप’ अशा तीन पायऱ्या आहेत, आणि भाषांतर करणारा जागरूक असेल तर ही बाजू हिंदीत इंग्रजीपेक्षा अधिक शाबूत राहते. तोटा एवढाच, की नटाचा मूळ आवाज हरवतो आणि कोरियन अभिनयात आवाजाला फार मोल आहे. माझी सूचना अशी, की मालिका हिंदीतून पाहून झाल्यावर आवडलेला एखादा भाग पुन्हा मूळ कोरियनमधून लावावा. कथा ठाऊक असल्याने ओळी वाचण्याची धांदल उरत नाही आणि कान मोकळे राहतात. ‘डे जांग गम’ ही राजवाड्याच्या मुदपाकखान्यातील मुलगी पुढे राजवैद्य कशी होते हे सांगणारी, 2003-04 मधली 54 भागांची मालिका दूरदर्शननेही हिंदीतून दाखवली होती. आदराच्या एवढ्या पायऱ्या एका ठिकाणी ऐकायच्या असतील तर तिच्याइतके चांगले उदाहरण मला माहीत नाही.

आणखी एक गोष्ट ऐकून ठेवावी. ‘बाप मॉगॉस्सॉयो?’ हा प्रश्न आपल्या कानावर पडला असेलच. त्याचा शब्दशः अर्थ ‘भात खाल्लात का?’ असा असला, तरी व्यवहारात तो आपल्या ‘जेवलात का?’ सारखा ख्यालीखुशालीचा प्रश्न असतो. शेतातल्या भाताला ‘ब्यॉ’, तांदळाला ‘स्साल’ आणि शिजलेल्या भाताला ‘बाप’ असे तिथे तीन वेगळे शब्द आहेत; इंग्रजीत या तिघांना मिळून एकच. (‘स्साल’ आणि आपली ‘साळ’ यांत ध्वनीचे साम्य आहे खरे, पण एवढ्यावरून नाते जोडण्याची घाई करू नये.) रागावून गेलेल्या मुलापुढे आई काही न बोलता भाताची वाटी सरकवते, तेव्हा डोळ्यांत पाणी का येते, हे साळ, तांदूळ आणि भात वेगळे मानणाऱ्या घरात सांगावे लागत नाही.

मला कोरियन गाण्यांमुळे ती भाषा शिकावीशी वाटते, पण लिपी पाहून धीर सुटतो. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलाला हे जमेल का? पुढे त्याचा काही उपयोग आहे का? — एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

जमेल, आणि मराठी माध्यमात शिकल्याचा तुम्हाला फायदाच होईल.

कोरियन लिपीला ‘हांगुल’ म्हणतात. राजा सेजोंग याच्या काळात ती 1443 मध्ये तयार झाली आणि 1446 मध्ये लोकांसाठी जाहीर झाली. त्याआधी कोरियन लोक चिनी अक्षरे वापरत आणि ती शिकायला अर्धे आयुष्य जाई, म्हणून सामान्य माणसाला लिहिता यावे या हेतूने ही लिपी घडवली गेली. शहाणा माणूस ती एका सकाळीत शिकेल, असे त्या वेळच्या ग्रंथातच म्हटले आहे. तिची मूळ अक्षरे 24 आहेत, 14 व्यंजने आणि 10 स्वर.

लहानपणी आपण कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य असे वर्ग पाठ करतो. हांगुलची व्यंजनेही उच्चाराच्या स्थानांवरूनच पाच गटांत रचलेली आहेत आणि त्यांचे आकार त्या स्थानांवरून घेतलेले आहेत. ‘म’ साठी मिटलेल्या तोंडाचा चौकोन आहे. ‘न’ साठी खाली उतरून उजवीकडे वळणारी रेघ आहे, ती टाळूला टेकणाऱ्या जिभेची आकृती होय. ‘क’ हा आडवा जाऊन खाली वळणारा काटकोन आहे. आता या ‘क’च्या पोटात आणखी एक आडवी रेघ काढा, त्याचा ‘ख’ होतो. अल्पप्राणाला रेघ जोडली की महाप्राण, हा नियम ‘त’ आणि ‘थ’, ‘प’ आणि ‘फ’ यांनाही लागू पडतो. पहिल्या तासाला मी फळ्यावर एवढेच काढून दाखवते आणि मराठी मुलांच्या चेहऱ्यावर ओळख पटल्याचा आनंद दिसतो. रोमन लिपीतून शिकणाऱ्याला हा आनंद मिळत नाही, म्हणून गाण्याचे बोल रोमन लिपीत वाचण्याची सवय पहिल्या आठवड्यातच सोडावी.

वाक्यरचनाही आपल्यासारखी आहे. ‘नानन हाक्क्योए कायो’ म्हणजे ‘मी शाळेत जातो’. यातला ‘ए’ हा आपल्या ‘शाळेत’मधल्या ‘त’चे काम करतो आणि क्रियापद शेवटी येते. अडचण येते ती दोन ठिकाणी. ‘क’ आणि ‘ख’ यांच्याखेरीज घसा आवळून काढलेला तिसरा ‘क्क’ तिथे आहे, आणि अक्षराच्या बुडाशी येणारे व्यंजन ओठांत किंवा जिभेवर अडवून धरायचे असते. यासाठी ऐकण्याला पर्याय नाही.

उपयोगाबद्दल थोडक्यात सांगते. रांजणगाव आणि तळेगाव येथे मोठ्या कोरियन कंपन्यांचे कारखाने आहेत आणि तिथे दुभाष्यांची गरज असते. ‘टोपिक’ नावाच्या परीक्षेचे सहा स्तर आहेत; त्यांपैकी किमान चौथा गाठल्याशिवाय नोकरीचा विचार करू नये, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते.

माझी मुलगी 14 वर्षांची आहे. तिच्या खोलीची भिंत कोरियन गायकांच्या छायाचित्रांनी भरली आहे. खाऊच्या पैशांतून तिने एकाच अल्बमच्या तीन प्रती मागवल्या. ‘मी सोलला जाणार’ असे ती रोज म्हणते. मला भीती वाटते. — एक आई, नाशिक

तुमची भीती अनाठायी नाही. डिसेंबर 2024 मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या तीन शाळकरी मुलींनी आवडत्या गायकांना भेटायला कोरियाला जाण्यासाठी पैसे मिळवायचे म्हणून घर सोडले आणि स्वतःच्या अपहरणाचा बनाव केला, ही बातमी आपण वाचली असेल. सुदैवाने त्या सुखरूप सापडल्या. ती बातमी वाचून मला राग आला नाही, वाईट वाटले. एवढे मोठे वेड त्या मुली घरात कोणाला मोकळेपणाने सांगू शकत नसाव्यात, असे माझ्या मनात येत राहिले.

एकाच अल्बमच्या तीन प्रती का, हे आधी समजून घ्या. अल्बमच्या बंद वेष्टनात गटातील एखाद्या सदस्याचे छोटे छायाचित्र असते आणि कोणाचे निघेल हे उघडल्याशिवाय कळत नाही. मुलीला जो सदस्य हवा असतो, तो निघेपर्यंत तिला पुन्हा विकत घ्यावेसे वाटते. ही विक्रीची पद्धत आहे आणि ती मुलांच्या हळवेपणावर चालते, हे तिला सरळ सांगा. महिन्याची रक्कम ठरवून द्या आणि अनोळखी व्यक्तीकडे आगाऊ पैसे पाठवायचे नाहीत, एवढा एक नियम मात्र कडक ठेवा.

त्यानंतर तिच्याकडून ते गायक समजून घ्या. बीटीएस या गटाची सुरुवात जून 2013 मध्ये एका लहान कंपनीतून झाली आणि 2020 मध्ये त्यांचे गाणे अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड’ यादीत पहिल्या क्रमांकावर गेले, हे तिला तोंडपाठ असेल. त्यामागची मेहनतही तिच्याशी बोला. तिच्याच वयाची मुले तिथे कंपन्यांत उमेदवारीवर दाखल होतात, शाळा सांभाळून रात्री उशिरापर्यंत नाच-गाण्याचा सराव करतात आणि त्यांपैकी बहुतेकांना रंगमंच कधीच दिसत नाही. पूर्वी काही करार 13 वर्षांचे असत. 2009 मध्ये असा वाद न्यायालयात गेला आणि त्याच वर्षी कोरियाच्या निष्पक्ष व्यापार आयोगाने सात वर्षांची मर्यादा घालणारा नमुना करार आणला. 2017 ते 2019 या काळात काही तरुण कलाकारांच्या मृत्यूने तो सारा उद्योग हादरला होता. हे सारे ऐकून तुमच्या मुलीचे प्रेम कमी होणार नाही. ज्यांच्यावर ती प्रेम करते, ते तिला कष्ट करणाऱ्या माणसांसारखे दिसू लागतील.

सोलला जाण्याच्या इच्छेला ‘नाही’ म्हणू नका. ‘बारावीनंतर, भाषा शिकून, शिष्यवृत्तीवर’ असे म्हणा आणि त्या वाटेवरची पहिली पायरी म्हणून तिला हांगुलची वही आणून द्या.

आमच्या चित्रपट मंडळात ‘पॅरासाइट’ या कोरियन चित्रपटावर चर्चा झाली. एवढ्या लहान देशाचा सिनेमा इथवर कसा पोहोचला? सरकारने पैसा ओतला म्हणून का? — एक वाचक, कोल्हापूर

पैसा हे एक कारण झाले, पण त्याआधी मोकळीक आली. 1987 मध्ये लोकशाही परतली आणि 1996 मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने चित्रपटांची पूर्वतपासणी घटनाबाह्य ठरवली. त्याच वर्षी बुसानचा चित्रपट महोत्सव सुरू झाला. आज ज्या दिग्दर्शकांची नावे आपण घेतो, ते त्या काळात तरुण होते. चित्रपटगृहांनी वर्षातून 146 दिवस देशी चित्रपट दाखवलेच पाहिजेत, असा नियमही होता. 2006 मध्ये तो 73 दिवसांवर आला आणि त्याविरुद्ध कलाकार रस्त्यावर उतरले. मराठी चित्रपटाला चित्रपटगृह मिळत नाही, ही तक्रार वर्षानुवर्षे ऐकणाऱ्या आपल्या लोकांनी हा नियम बारकाईने अभ्यासावा, असे मला मनापासून वाटते. खासगी भांडवलही आले, तेही अनपेक्षित ठिकाणाहून: साखर आणि पीठ तयार करणाऱ्या एका जुन्या कंपनीने 1995 मध्ये हॉलिवूडच्या एका नव्या स्टुडिओत पैसा गुंतवला आणि पुढे तीच ‘पॅरासाइट’च्या पाठीशी उभी राहिली.

‘पॅरासाइट’ला 2019 मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि फेब्रुवारी 2020 मध्ये चार ऑस्कर मिळाले. मंडळात पुन्हा दाखवलात तर दोन जागा पाहा. श्रीमंत घरच्या मालकीणबाई घाईने जे नूडल्स करायला सांगतात, ते दोन स्वस्त पुड्या एकत्र करून होणारे, मुलांच्या आवडीचे खाणे आहे, आणि त्यावर महागड्या कोरियन गोमांसाचे तुकडे घालायला त्या सांगतात. कोरियन प्रेक्षकाला त्या एका ताटात श्रीमंत मालक आणि त्यांच्याकडे काम करणारे गरीब कुटुंब या दोन्ही घरांतले अंतर दिसते. इंग्रजी ओळीसाठी भाषांतरकाराला नवाच शब्द घडवावा लागला. दुसरी जागा गरीब घरातल्या मुलाने नोकरीसाठी केलेल्या खोट्या प्रमाणपत्राची. मूळ संवादात सोल राष्ट्रीय विद्यापीठाचे नाव आहे, पण इंग्रजी ओळीत ‘ऑक्सफर्ड’ येते. भाषांतरकाराने काम चोख केले आहे. तरीही कोरियन घरांत त्या एका विद्यापीठाच्या नावाभोवती जी धास्ती आणि आस असते, ती दुसऱ्या नावात येत नाही.

माझ्या मुली आवडत्या गायकाला ‘ओप्पा’ म्हणतात. मलाही तो गायक आवडतो. माझे वय 42. मी त्याला काय म्हणावे? — एक वाचक, ठाणे

‘ओप्पा’ हा शब्द स्त्रीने आपल्यापेक्षा मोठ्या भावाला किंवा भावासारख्या पुरुषाला उद्देशून वापरायचा आहे. पुरुष मोठ्या भावाला ‘ह्यॉंग’ म्हणतो. मोठ्या बहिणीला पुरुष ‘नूना’ म्हणतो आणि स्त्री ‘ऑन्नी’ म्हणते. आपल्या ‘दादा’ आणि ‘ताई’ या शब्दांत बोलणारा कोण आहे ते कळत नाही, तिथे ते कळते. हे सारे शब्द वयाने मोठ्या व्यक्तीसाठी आहेत, म्हणून कोरियन माणूस पहिल्या भेटीत वय विचारतो. गायक तुमच्यापेक्षा लहान असणार, त्यामुळे यांपैकी एकही शब्द तुम्हाला वापरता येणार नाही. त्याच्या नावानंतर आदराचे ‘शी’ लावावे. ते पूर्ण नावाला किंवा आडनाव वगळून नावाला लावतात. नुसत्या आडनावाला मात्र ‘शी’ लावू नये, कारण ते ऐकणाऱ्याला तुच्छतेचे वाटते.