बास्केटबॉलमधला स्टीव्ह कर खेळाडू म्हणून मोठा की प्रशिक्षक म्हणून?

माझ्या मते प्रशिक्षक म्हणून, पण खेळाडू करला कमी लेखू नका. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या १९८८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत, त्याचं नाव थेट पन्नासावं आलं. ना फार उंची, ना उडी; होता तो अचूक नेम. तीन गुणांच्या फेकींत कारकिर्दीतली त्याची ४५.४ टक्के अचूकता आजही एनबीएत सर्वोत्तम आहे.

कर शिकागोकडून खेळत असतानाचा, १९९७ च्या अंतिम मालिकेतला सहावा सामना आठवा. ८६-८६ अशी बरोबरी, मोजून काही सेकंद शिल्लक. शिकागोच्याच मायकेल जॉर्डनला दोघांनी घेरलं, त्याने चेंडू मोकळ्या करकडे दिला आणि करने तो शांतपणे बास्केटमध्ये टाकला. मला तर त्या क्षणातच पुढचा प्रशिक्षक दिसतो: चेंडू मोकळ्या खेळाडूकडे जायलाच हवा!

शिकागोत तीन आणि सॅन अँटोनिओत दोन विजेतेपदं जिंकताना तो फिल जॅक्सन आणि ग्रेग पोपोविच या दोन्ही नामवंत प्रशिक्षकांच्या हाताखाली खेळला. एवढी शिदोरी कितीजणांना मिळते? मध्यंतरी समालोचन केलं, फिनिक्स संघाचा जनरल मॅनेजरही झाला. २०१४ मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्स संघाच्या प्रशिक्षकपदाची सूत्रं घेतली आणि पहिल्याच मोसमात विजेतेपद. मग २०१७, २०१८, २०२२. शिवाय अमेरिकेच्या संघाचा प्रशिक्षक म्हणून २०२४ चं ऑलिम्पिक सुवर्ण.