गाय, गुप्तरोग आणि जुगुप्सा

प्रश्न असा आलाय: "आम्ही लैंगिक आरोग्यावर लोकांमध्ये सत्रं घेतो, सोबत छोटं सर्वेक्षणही करतो. पत्रकावर 'गुप्तरोग' लिहायचं की 'लैंगीक आजार', यावरून गटात दोन तट पडलेत. एका प्रशिक्षकांनी सांगितलं की गुप्त म्हणजे लपवण्यासारखं, लाजिरवाणं, तेव्हा तो शब्द उच्चारूच नका. हे बरोबर आहे का? आणि 'गुप्तांग' चालेल का?"

नाही, बरोबर नाही. पत्रकाचं नंतर बघू, आधी त्या प्रशिक्षकांचं. हे वाक्य मी इतक्या व्यासपीठांवरून ऐकलंय की वक्त्याने 'गुप्त या शब्दातच लाज आहे' असं सुरू केलं की मी चपला शोधायला लागतो.

'लैंगिक'वर वेळ घालवत नाही. लिंग म्हणजे खूण, धूर हे अग्नीचं लिंग वगैरे सगळीकडे वाचायला मिळतं. 'लपवलेलं' हा गुप्तचा आजचा अर्थही कुणाला सांगायला नको. मजा आहे ती त्याच्या आधी. धातुपाठ, म्हणजे संस्कृत धातूंची जुनी यादी, काय म्हणतो? 'गुपू रक्षणे'. रक्षण करणे! चंद्रगुप्त हा काही चंद्रामागे दडलेला माणूस नव्हे, चंद्राने राखलेला. जैन परंपरेत तीन गुप्ती आहेत: मनोगुप्ती, वचनगुप्ती, कायगुप्ती. मन, वाणी आणि देह यांच्यावरची राखण. काठीत पातं लपवलेली गुप्ती पुष्कळ नंतरची.

आता हा गुप् आला कुठून? इथे पाणिनीय मंडळींशी माझं जुनं भांडण आहे. ते म्हणतात, धातू गुप्, त्याला 'आय' लागला की 'गोपायति', संपला विषय. भाषाशास्त्राचे अभ्यासक नेमकं उलटं सांगतात आणि मी त्यांच्या बाजूचा. आधी गाय. गाय राखणारा तो गोपा. गोपासारखं वागणं म्हणजे गोपायति. आणि या क्रियापदाची साल काढून मागाहून हाती आलेला धातू म्हणजे गुप्. ऋग्वेदात गोपा जागोजाग भेटतो, गुप् क्वचित. त्यातलं एक रूप तर मंडूकसूक्तात आहे (7.103). पावसाळ्यात डराँव डराँव करणारे बेडूक बारा महिन्यांचा देवांनी लावून दिलेला क्रम राखतात, 'जुगुपुः'. आता मला सांगा, बेडकाने कधी काही लपवलंय?

राखण्यावरून लपवण्यावर शब्द कसा घसरतो, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. शेत राखतो, लाज राखतो, आणि हातचं राखून बोलतो. तिसऱ्या वाक्यात लपवणं आलंच की! गुप्चं तेच झालं.

इथपर्यंत बऱ्याच जणांना पटतं. पुढचं मात्र माझं लाडकं. या गुप्ला 'सन्' प्रत्यय लागला की होते जुगुप्सा. सन् एरवी इच्छा दाखवतो: पिपासा, जिज्ञासा. तेव्हा जुगुप्सा म्हणजे मुळात राखू पाहणं, स्वतःला वाचवू पाहणं, अंग चोरणं. म्हणून किळस. (जुगुप्सेतला गुप् वेगळा, 'गुप गोपने', असं शास्त्रीबुवा बजावतात. असेल त्यांच्या यादीत. एका गाईला दोन दावी बांधली म्हणून गाई दोन होत नाहीत.)

आणि हे सांगणारं पाणिनीचं सूत्र कोणतं? 'गुप्तिज्किद्भ्यः सन्', 3.1.5. गुप्, तिज्, कित् हे तीन धातू एका दावणीला. रूपं होतात जुगुप्सा, तितिक्षा, चिकित्सा. वार्तिकात, म्हणजे सूत्रांवरच्या जुन्या पुरवणी टिपांत, अर्थही बांधून दिलेत: गुप् निंदेच्या अर्थी, तिज् क्षमेच्या, कित् व्याधिप्रतीकाराच्या. किळस, सोसणं, इलाज! दुखणं घेऊन दारात आलेल्या माणसाला तुम्ही जे काही देऊ शकता, ते सगळं एका ओळीत. पाणिनीच्या मनात अर्थातच असलं काही नव्हतं. पण तुमच्यासारख्यांच्या प्रशिक्षणात पहिल्या दिवशी हे सूत्र फळ्यावर लिहावं, असं मी गेली कित्येक वर्षं सुचवतोय. कुणी ऐकत नाही.

त्यातल्या कित्कडे बघा. जाणणं, लक्ष देणं या अर्थाच्या चित्चा हा भाऊ. म्हणजे चिकित्सा मुळात जाणून घेऊ पाहणं, औषध मागाहून. मराठीने दोन्ही अर्थ जपले. डॉक्टरही चिकित्सक आणि 'भारी चिकित्सक बाई आहे ती' यातलाही चिकित्सक. संशोधन आणि उपचार यांना इतका नेमका एकत्र शब्द असताना आपण 'अभ्यास व हस्तक्षेप' असलं काहीतरी लिहीत बसतो.

राणी आणि अभय बंग यांचा गडचिरोलीचा अभ्यास 1989 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला, तो या दोन्ही अर्थांनी चिकित्सा होता. दोन गावं, 650 स्त्रिया. त्यांतल्या 92 टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग वा लैंगिक आजार निघाले, आणि आधी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. तुमच्या प्रशिक्षकांना विचारा, इथे लपवलं कुणी? कुणी विचारलंच नव्हतं. न विचारलेल्याला 'गुप्त' म्हणायचं आणि वर खापर शब्दावर फोडायचं, हे काही खरं नाही.

विचारण्यावरून आठवलं. एका सर्वेक्षणाची प्रश्नावली भाषा तपासायला माझ्याकडे आली होती. चौदावा प्रश्न: 'आपणांस गुप्तरोगाचा पूर्वेतिहास आहे काय?' सोबतच्या भरलेल्या नमुन्यांत ओळीने 'नाही, नाही, नाही'. एका प्रतीवर मात्र माहिती घेणाऱ्या बाईंनी समासात पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'अंगावरून पांढरं जातं का? लघवीला आग? जांघेत अवधाण?' आणि त्यापुढे तीन उत्तरं, त्यांतली दोन 'हो'. मी शुद्धलेखन तपासायला बसलो होतो. तो प्रश्न खोडला आणि पेन्सिलीचं पक्कं केलं.

आणखी एक चूक जाता जाता निस्तरतो. गुप्त आणि गुह्य एकच, असं एका व्याख्यात्यांनी छातीठोकपणे सांगितल्याचं ऐकलं. मुळीच नाही. गुह्यचा धातू गुह्, म्हणजे खरोखर लपवणं. गुहा आणि गूढ त्यातलेच. वाग्भटाच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात उत्तरस्थानात अध्याय आहेत ते 'गुह्यरोगां'चे. लपवण्याचा आरोप करायचाच तर त्या शब्दावर करा, आणि करताना हेही लक्षात ठेवा की त्याच गुह्पासून उपगूहन झालं, म्हणजे आलिंगन. खरी लाज बघायची तर लॅटिनमध्ये. 'पुडेंडम' म्हणजे जिची लाज वाटावी ती जागा. शरीररचनेच्या आंतरराष्ट्रीय शब्दसूचीतून स्त्रीच्या बाह्य जननेंद्रियासाठीचा तो शब्द 2019 साली काढला, पण त्या भागातल्या नसेच्या नावात तो अजून आहे. त्यापुढे आपला गुप्त सज्जन म्हणायचा. र. धों. कर्व्यांनी या विषयावर उघड लिहिलं तेही 'गुप्तरोग' हा शब्द वापरूनच, आणि त्या शब्दाने त्यांचा हात कुठे धरला नाही.

हां, पत्रक.

'गुप्तरोग' नकोच. पण कारण लाज हे नव्हे, तो शब्द ढिसाळ आहे हे. भिंतीवरच्या 'गुप्तरोगतज्ज्ञ'वाल्या पाट्या वाचा. परमा (गोनोरिया), गरमी (सिफिलिस), शीघ्रपतन, स्वप्नदोष, सगळं एका पोत्यात. यातले पहिले दोन संसर्ग आहेत, तिसऱ्याचा संसर्गाशी संबंध असेलच असं नाही, आणि चौथा तर आजारच नाही, त्याला 'दोष' म्हणणाऱ्याचा दोष आहे. तुमचा 'लैंगिक आजार'ही तितकाच सैल. त्यात लागण झालेलाही येतो आणि इच्छा मंदावलेलाही. शिवाय 'आजार' म्हटलं की लोक त्रास व्हायची वाट बघतात, आणि क्लॅमिडियासारखा संसर्ग अनेकदा काहीच त्रास न देता मुक्काम ठोकतो. तेव्हा 'लैंगिक संबंधांतून पसरणारे संसर्ग' लिहा. लांब आहे, असू द्या. खाली परमा, गरमी ही लोकांची नावंही द्या. (परमा हा प्रमेहाचा वंशज. त्याचा धातू मिह्, आणि परंपरा त्याच मिह्पासून मेघही काढते. थांबतो.)

'गुप्तांग'ही नको. कुठलं अंग, हे तो सांगतच नाही. कुठे दुखतंय किंवा कुणी कुठे हात लावला, हे मुलाला सांगता यायचं तर शिश्न, वृषण, योनी, गुदद्वार हे शब्द त्याच्याजवळ हवेत.

सरकारी कार्यक्रमात या संसर्गांच्या केंद्रांना 'सुरक्षा क्लिनिक' नाव आहे. 'गुपू रक्षणे'! नाव ठेवणाऱ्याला धातुपाठ आठवला असेल असं वाटत नाही, पण मी ती पाटी पहिल्यांदा वाचली तेव्हा रस्त्यातच थांबलो होतो. गुप्त शब्द तुम्हाला वापरायचाच असेल तर पत्रकाच्या तळाशी वापरा: 'आपलं नाव आणि माहिती गुप्त राहील.' तिथे तो आपल्या मूळ अर्थाने बसतो.

आणि 'लैंगीक' नव्हे, 'लैंगिक'. इक-प्रत्ययातला इ ऱ्हस्व. तुमच्या दोन्ही तटांचं यावर एकमत असावं, असं पत्रावरून दिसतं.