एकदा डायलिसिस लागलं म्हणजे कायमचं का?

"मॅडम, एकदा डायलिसिस लागलं की ते कायमचंच ना?" लहान मुलांच्या आयसीयूतून सुटलेल्या मुलांचे आईबाप हा प्रश्न हमखास विचारतात. डोळ्यांसमोर असतो नात्यातला कुणीतरी काका, जो दर आठवड्याला डायलिसिससाठी नाशिकच्या वाऱ्या करतो.

निफाडकडचं एक जोडपं आलं होतं (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). मुलगा सहा वर्षांचा, त्याला ओंकार म्हणू. न्यूमोनियाचं इन्फेक्शन रक्तात पसरलं, बीपी ढासळलं, लघवी बंद झाली. पोटात नळी घालून काही दिवस डायलिसिस करावं लागलं. मग लघवी सुरू झाली, नळी निघाली, पोरगं घरी गेलं. फॉलोअपला आले तेव्हा नवरा-बायकोचं वाजलेलं दिसत होतं.

आई पाणी मोजून देत होती. जेवणात मीठ नाही, शाळा नाही, खेळ नाही. पिशवीतून तिने वही काढली: लघवी किती वाजता, किती, रंग कसा, पानंच्या पानं भरलेली. तेवढ्यात वडिलांनी मोबाइल पुढे केला. त्यावर रक्तातल्या क्रिएटिनिनचा रिपोर्ट होता; किडनीचं काम मंदावलं की हा कचरा रक्तात वाढतो. "क्रिएटिनिन ०.७. रेंजमध्ये आहे. आता तुम्हीच सांगा हिला."

आधी मी आईशी बोलले. काकांची किडनी वर्षानुवर्षं झिजत गेलेली असते. ओंकारच्या किडनीला अचानक मार बसला आणि अशी किडनी बऱ्याच मुलांत पुन्हा कामाला लागते, डायलिसिस सुटतं. हे काही विरळा नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतल्या आयसीयूंच्या अभ्यासात दाखल मुलांपैकी साधारण चारातल्या एकाच्या किडनीला असा कमी-अधिक फटका बसलेला आढळला होता. पाणी मोजायची सूचना लघवी बंद असतानाची होती, ती घरी जाताना कुणी उठवलीच नव्हती. डॉक्टरांनी ती तिथल्या तिथे उठवली. मीठ घरच्या जेवणापुरतं चालेल. वेफर्स, पापड, लोणचं बेतानं.

वडिलांशी बोलणं जास्त अवघड गेलं. त्या रिपोर्टवर छापलेली रेंज मोठ्या माणसांची होती. लॅबच्या या छापील रेंजने किती बापांना गाफील ठेवलंय कोण जाणे! मुलांचं क्रिएटिनिन उंचीशी ताडून बघावं लागतं. ओंकारची उंची ११० सेंटिमीटर. डॉक्टरांनी हिशोब मांडला तर किडनीच्या कामाचा आकडा ६५च्या आसपास आला, जो ९०च्या वर हवा. शिवाय आजारपणात पोरगं वाळलेलं; स्नायू कमी झाले की क्रिएटिनिनही कमी येतं आणि किडनी आहे त्याहून चांगली दिसते.

"म्हणजे बिघडलीच आहे?" आता ते घाबरले.

बिघडली म्हणायला तेव्हा घाई होती. अशा दुखण्यानंतर तीन महिन्यांनी किडनी नीट तपासावी, असं २०१२ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात. प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख बारीक गाळण्या असतात. जन्मानंतर नव्या तयार होत नाहीत. काही गेल्या तर उरलेल्या जास्त राबतात, त्यामुळे रिपोर्ट पुढे चांगला येतो. पण त्या राबण्याचा ताण काही मुलांत वर्षांनी दिसतो, वाढलेल्या बीपीत किंवा लघवीतून जाणाऱ्या प्रोटीनमध्ये. पोराला दुखत-खुपत काहीच नसतं, म्हणून कुणी बघायला जात नाही.

म्हणून वहीत लघवीच्या वेळा लिहिणं थांबवायला सांगितलं आणि त्याऐवजी दर भेटीचं बीपी (लहान मुलाच्या मापाच्या पट्ट्याने घेतलेलं), उंची, क्रिएटिनिन आणि सकाळच्या पहिल्या लघवीतलं प्रोटीन लिहायला. तापाला पॅरासिटामॉल, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेत. मेडिकलमधून परस्पर आणलेलं आयब्युप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिडचं सिरप नाही; आजी देते ते भस्मही नाही. जुलाब-उलट्या झाल्या तर ओआरएस सुरू करून त्याच दिवशी दाखवायचं. शाळा मात्र लगेच सुरू.

तीन महिन्यांनी क्रिएटिनिन ०.५ आलं, आकडा नव्वदीला टेकला. बीपी ठीक, लघवीत प्रोटीन नाही. "मग सुटलो ना आता?" वडिलांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, वर्षातून एकदा यायचंच, वयात येतानाही, कारण अंग वाढतं तसं किडनीवरचं कामही वाढतं. डिस्चार्ज कार्डाचा फोटो मी दोघांच्याही फोनमध्ये काढून ठेवायला लावला. उद्या ताप आला तर पोराला आधी गावातल्याच दवाखान्यात नेणार, आणि तिथल्या डॉक्टरांना यातलं काहीच ठाऊक नसणार.