'डिमाइज्ड प्रिमायसेस' म्हणजे जागेत कोणी गेलेलं नाही

कोथरूडच्या गाळ्याच्या कराराचा मसुदा आलाय, त्यात पानोपानी 'द डिमाइज्ड प्रिमायसेस' आहे, डिमाइज म्हणजे निधन ना, आणि वडील म्हणतात सही करू नकोस. असा तुमचा प्रश्न.

वडिलांना सांगा, वास्तुशांतीची गरज नाही. इथे डिमाइज म्हणजे भाडेपट्ट्याने देणे. मराठी दस्तात आपण 'सदरची मिळकत' म्हणत पानं भरतो, तसंच हे.

गंमत अशी की हाच अर्थ जुना. जुन्या फ्रेंचमधल्या 'सोडून देणे' अशा क्रियापदावरून शब्द आला आणि मालमत्तेचा हक्क दुसऱ्याकडे जाण्याला चिकटला. राजा गेला की गादी पुढच्याकडे जाते, तेही डिमाइज. मृत्यूचा अर्थ तिथून आला. १९३६ साली आठव्या एडवर्डनं गादी सोडली तेव्हाच्या ब्रिटिश कायद्यात 'डिमाइज ऑफ द क्राउन' असंच लिहिलंय, आणि गृहस्थ १९७२ पर्यंत हयात! आपल्याकडे नाही का, माल खपतो आणि माणूसही खपतो.

उच्चाराचा शेवट 'साइझ'सारखा. सोसायटीच्या ग्रुपवर 'अमुक डिमाइज्ड धिस मॉर्निंग' वाचलं की मला विचारावंसं वाटतं, कोणता फ्लॅट दिला? निधनासाठी हा शब्द नाम म्हणूनच वापरावा.

आता कामाचं. मसुद्याचं शीर्षक बघा. 'लीज' असेल तर शब्द जागेवर आहे. 'लिव्ह अँड लायसन्स' असेल तर चुकलाय. लीजमध्ये जागा उपभोगण्याचा हक्कच हस्तांतरित होतो (१८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा, कलम १०५). लायसन्स म्हणजे नुसती वापरायची परवानगी. माझ्या अकरा महिन्यांच्या करारात एजंटानं जुन्या भाडेपट्ट्यातला मजकूर तसाच उचलला होता. मालकाच्या वकिलांनी प्रत्येक 'डिमाइज्ड' लाल पेनानं खोडून वर 'लायसन्स्ड' लिहिलं. एका शब्दावर कोर्ट निकाल देत नाही, करार एकूण काय म्हणतो ते बघतं. पण भांडण लागलं तर मालकानं स्वतःहून दिलेलं कोलीत ठरतं. म्हणजे घाबरायचंच तर ते त्यांनी.

तुम्ही शेवटचं परिशिष्ट वाचा. 'डिमाइज्ड प्रिमायसेस'मध्ये काय काय येतं ते तिथे लिहिलेलं असतं. पोटमाळा आणि पुढचा ओटा त्यात आहे का?