सहा वर्षांचा मुलगा रागात घरातल्या वस्तू आपटतो, फोडतो. शिस्त कशी लावावी?

मारू नका, तासभर लेक्चरही देऊ नका. तो शांत झाला की केलेलं नुकसान निस्तरायला त्यालाच हाताशी घ्या. काचा तुम्ही उचला, पण सांडलेलं पाणी त्याने पुसायचं, फाटलेलं पान चिकटपट्टीने त्यानेच जोडायचं. पट्टी वाकडी लागली तरी चालेल, तुम्ही ती सरळ करू नका. चूक आणि तिचा परिणाम यांचा संबंध दिसला तरच मूल शिकतं. रिमोट आपटला म्हणून आठवडाभर खेळणं बंद, याचा त्याला मेळच लागत नाही. मारामुळे तेवढ्यापुरता धाक बसतो, पण पुढे आक्रमकपणा वाढतो. म्हणूनच अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये मारणं आणि अपमान होईल असं बोलणं, दोन्ही टाळा असं पालकांना स्पष्ट सांगितलं.

मात्र हातून निसटून फुटलं असेल तर रागावूच नका प्लीज. अशा वेळी ओरडा बसला की मुलं तुकडे सोफ्याखाली सरकवतात आणि पुढच्या वेळी खरं सांगत नाहीत.