एसव्हीसीमध्ये (एकच व्हिडिओ थराथरांत एनकोड करायची पद्धत) एन्हान्समेंट लेयर (बेस लेयरवर चढणारे, दर्जा वाढवणारे थर) वाढवले की बिटरेट (दर सेकंदाला लागणारे बिट) फुगतो. कॉम्प्रेशन कसं सुधारायचं?

तीन लेयर घेतले की सिंगल लेयरपेक्षा बिटरेट फार जातो, असं तुम्ही म्हणता. पण मोजता कुठे? सगळ्यात वरच्या लेयरवरच ना? सगळे तिथेच मोजतात आणि माझा राग नेमका त्यावर आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. पुण्यात नोकरीला असताना आम्ही कपाशीच्या सल्ल्यासाठी ग्रुप व्हिडिओ कॉल बनवत होतो. इकडे एक तज्ज्ञ, तिकडे गावोगावचे शेतकरी. ज्याचं नेटवर्क जसं, त्याला तेवढे लेयर. खाली १८०पी, मग ३६०, वर ७२०. आमच्या वरिष्ठांनी लेयरचं एकत्रित आरडी ऑप्टिमायझेशन (किती बिट खर्चून किती दर्जा मिळतो याचा मेळ घालणं) लावलं आणि वजन पार वरच्या लेयरकडे झुकवलं. ७२०चा आलेख देखणा आला. त्याच सुमारास मी गावी गेलो होतो. काकाजी वावरात मोबाइल धरून बसलेले, नेटवर्कची एकच काडी, म्हणजे नुसता बेस लेयर. तज्ज्ञ कॅमेऱ्यासमोर डोमकळी धरून सांगत होते: पाकळ्या अशा पिळून चिकटलेल्या दिसल्या की आत गुलाबी बोंडअळी आहे, कळी तोडून नष्ट करा. काकाजींच्या स्क्रीनवर पाकळ्यांच्या जागी पिवळसर ठोकळे. "फूल हाये का बोंड, काहीच समजून नाही राहिलं," म्हणाले, फोन खिशात टाकला अन् पऱ्हाटीत शिरले. मीटिंगमध्ये हे मांडलं तर उत्तर मिळालं, पीएसएनआर (चित्राचा दर्जा मोजायचा आकडा) तर वाढलाय.

आता तुमचं. एच.२६४ या व्हिडिओ कॉम्प्रेशनच्या मानकात एसव्हीसी २००७ साली आलं. त्यातलं मोशन, रेसिड्युअल आणि इंट्रा असं तिन्ही प्रकारचं इंटर-लेयर प्रेडिक्शन (खालच्या लेयरवरून वरच्याचा अंदाज बांधणं) ब्लॉकगणिक आरडी कॉस्टवर निवडू द्या, सरसकट लादू नका. एनकोडर नीट बसवला तर साधारण १० टक्के जादा बिटरेटमध्ये भागतं. टेम्पोरल लेयरचा (सेकंदाला किती फ्रेम्स, ते ठरवणाऱ्या थरांचा) बोजा जवळपास नसतोच. हायरार्किकल बी-फ्रेम्समुळे (मागच्या-पुढच्या दोन्ही फ्रेम्सवरून अंदाज) उलट बिट वाचतात, फक्त डिले वाढतो, म्हणून लाइव्ह कॉलला हायरार्किकल पी (फक्त मागच्या फ्रेम्सवरून). सगळ्यात खालच्या टेम्पोरल लेव्हलचा क्यूपी (जितका कमी तितका दर्जा चांगला, बिट जास्त) कमी ठेवा, वर जाल तसा वाढवा, कारण बाकीच्या फ्रेम्स त्याच फ्रेम्सवर उभ्या असतात. एच.२६४ऐवजी व्हीपी९ हा कोडेक असेल तर इंटर-लेयर प्रेडिक्शन की-फ्रेमपुरतंच (मागच्या फ्रेम्सवर न विसंबणारी फ्रेम) ठेवून पाहा. मग वरचा लेयर घेणाऱ्याला मधल्या फ्रेम्सचे खालचे लेयर पाठवावेच लागत नाहीत.

पण बेसचे बिट कापून वरचा आकडा सुधारणं, याला मी एफिशियन्सी म्हणणार नाही. कोण कोणत्या लेयरवर आहे ते आधी सर्व्हरच्या लॉगमधून काढा, वजन त्या प्रमाणात ठेवा आणि प्रत्येक लेयर वेगळा मोजा. आमच्याकडेही लॉग पडून होते, उघडायला कुणी तयार नव्हतं.

अर्थात तुमचे सगळे प्रेक्षक फायबरवर असतील तर वजन खुशाल वर झुकवा. आणि नुसतं रेकॉर्डिंग साठवायचं असेल तर एसव्हीसीच्या वाटेलाच जाऊ नका, सिंगल लेयर स्वस्त पडेल.