पहिला ऑफिस सूट: आधी खांदा बघा
कोटाच्या खांद्याची शिवण तुमच्या खांद्याच्या हाडाशीच संपली पाहिजे. कंबर, बाही, पँटची उंची टेलर नंतर दुरुस्त करतो. खांदा उसवून पुन्हा बसवणं महाग पडतं आणि बहुतेकदा बिघडतंच. ट्रायलला लोकलचा हँडल धरल्यासारखा हात वर करा. अख्खा कोट वर ओढला गेला, तर मुंढा (बाही जोडतात ती काखेची गोलाई) फार खाली कापलाय. सैल मुंढा म्हणजे आराम, हा गैरसमज आहे. बटण लावल्यावर पोटावर फुलीसारख्या चुण्या पडल्या तर कोट घट्ट आहे. मुंबईच्या दमट हवेत पॉलिएस्टर घाम कोंडतं, म्हणून मीटरला 240 ते 270 ग्रॅमचं ट्रॉपिकल वूल (हलकं, हवा खेळू देणारं लोकरी कापड) आणि पाठीला अर्धंच अस्तर मागा. पँट मात्र एकाच ताग्यातून दोन शिवून घ्या, ती कोटाआधी झिजते.